होडीच्या जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार

आमचें घर खाडीच्या कांठीं आहे. पैलतीरावर आमच्या एकत्र कुटुंबाची आंब्या-काजूची बाग आहे. रस्त्यानें तिकडे जाण्यास फार मोठा वळसा पडतो. होडीनें मात्र अर्ध्या घटकेचें काम. माझे थोरले बंधू हयात असतांना त्यांनीं मुंबईच्या एका परिचिताकडून होडीच्या पाठीस अडकवावयाचें एक जुनें विलायती यंत्र आणलें होतें. ते गेल्यावर तें यंत्र पडवीच्या कोपऱ्यांत गोणपाटाखालीं बावीस वर्षें उभें होतें. गेल्या उन्हाळ्यांत घराची डागडुजी निघाली, तेव्हां पुतण्यांनीं तें भंगारवाल्यास देण्याचें ठरविलें. वहिनी अशा गोष्टींत सहसा बोलत नाहींत, परंतु त्या दिवशीं त्या म्हणाल्या, "भावोजी, द्यायचें तर द्या. पण एकदां त्याचा आवाज मला ऐकूं द्या, मग खुशाल न्या."

मीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. सायकलीचा पाना सोडला तर कोणतें हत्यार हातीं धरल्याचें मला आठवत नाहीं. तरीहि "मी पाहतों" असें माझ्या तोंडून निघून गेलें. बंधूंचा नातू अकरावीची परीक्षा देऊन सुटींत मोकळा होता. त्यास मदतीस घेतलें. आम्हां दोघांस त्या कामीं चाळीस दिवस लागले. त्यांत जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों. ज्यांच्या घरीं होडी नाहीं त्यांच्याहि माळ्यावर एखादें शिवणयंत्र, पाण्याचा पंप किंवा मोटारसायकल पडलेली असेल; त्यांनाहि यांतील बरेंचसें उपयोगी पडेल. सांगावयाची मुख्य गोष्ट एकच. जुनें यंत्र झिजून क्वचितच मरतें; मीठ, शिळें इंधन आणि दुरुस्त करणाराची घाई या तिघांच्या हातून तें मरतें.

यंत्राचें कुळ

होडीच्या पोटांत न बसवितां तिच्या मागील फळीस बाहेरून अडकविण्याच्या यंत्रास ‘आउटबोर्ड मोटर’ म्हणतात. नॉर्वेंत जन्मलेला ओले एव्हिनरूड नांवाचा कारागीर अमेरिकेंत मिलवॉकी येथें राहत होता. त्यानें १९०९ च्या सुमारास असें यंत्र विक्रीस आणून लोकप्रिय केलें. आपल्या वाग्दत्त वधूसाठीं आइस्क्रीम आणण्यास तो सरोवरापार वल्हवीत गेला आणि परत येईपर्यंत तें वितळून गेलें, त्यावरून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. त्याच्या नांवानें निघणाऱ्या यंत्रांचें उत्पादन २०२० सालीं बंद झालें.

आमचें यंत्र इंग्लंडचें, ‘ब्रिटिश सीगल’ या नांवाचें. सीगल म्हणजे आपला कुरव पक्षी. १९३१ सालीं वुल्व्हरहॅम्प्टन येथें मार्स्टन यांच्या कारखान्यांत या यंत्रांचा आरंभ झाला. पुढें हा धंदा डॉर्सेट परगण्यांतील पूल या बंदरीं गेला. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश आरमारानें आपल्या लहान नावांसाठीं हीं यंत्रें घेतलीं. १९९६ सालीं त्यांचें उत्पादन थांबलें. तथापि त्यांची घडण इतकी साधी व दणकट कीं जुन्या सीगल चालविणारे हौशी लोक अद्यापि पुष्कळ आहेत, आणि सुटे भाग इंग्लंडांतून टपालानें मागवितां येतात. अंगावर ठोकलेल्या क्रमांकावरून यंत्राचा नमुना व त्याचें वय काढतां येतें. आमचें यंत्र ‘फोर्टी प्लस’ नमुन्याचें, ६४ घनसेंटिमीटरच्या एकाच सिलिंडरचें निघालें.

आंतील व्यवस्था

हें यंत्र वरून खालीं पाहत गेल्यास लवकर समजतें. वर पेट्रोलची पितळी टाकी व उघडें गतिचक्र. त्याखालीं बिडाचा सिलिंडर व अॅल्युमिनियमची पेटी. तेथून एक लांब नळी पाण्यांत उतरते. तिच्यांतून दांडा जातो. तळाशीं दंतचक्रांची पेटी, पंप आणि पंखा. पंप खाडीचें पाणी उचलून सिलिंडरभोंवतींच्या पोकळींत खेळवितो व सिलिंडर थंड ठेवितो.

इंजिन दोन धांवांचें, ज्यास टू-स्ट्रोक म्हणतात तें. पिस्टन वर जातांना डोक्यावरील मिश्रण दाबतो आणि त्याच वेळीं खालच्या बंद पेटींत नवें मिश्रण ओढून घेतो. ठिणगी पडून तो खालीं लोटला गेला कीं पेटींतील मिश्रण बाजूच्या वाटेनें वर चढतें व जळलेला वायु बाहेर पडतो. ही युक्ति बाथ येथील जोसेफ डे यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढली. यांत झडपा नाहींत, तेलाची निराळी टाकी नाहीं. वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. जुन्या सीगलला पेट्रोलच्या दहा भागांस तेलाचा एक भाग लागतो, उत्तरकालीन नमुन्यांस पंचवीसास एक. आपल्या यंत्राचें प्रमाण कोणतें हें आधीं निश्चित करावें. कमी तेलानें यंत्र जळतें.

बॅटरी नाहींच. चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून फिरला कीं तारेंत विद्युत् उत्पन्न होते, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. तेंच तत्त्व येथें आहे. गतिचक्रांत चुंबक बसविलेले असतात, आंत स्थिर वेटोळें. नेमक्या क्षणीं दोन लहान टोंकें एकमेकांपासून दूर होतात, प्रवाह तुटतो, आणि दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उठून प्लगमध्यें ठिणगी उडते. या टोंकांस पॉइंट म्हणतात. त्यांच्या शेजारीं कंडेन्सर नांवाची एक डबी असते. ती नसेल तर ठिणगी प्लगमध्यें न उडतां पॉइंटांवरच उडून तीं जळतात.

पदच्छेद

श्लोक लावावयाचा तर आधीं पदच्छेद, मग अन्वय. यंत्राचेंहि तसेंच आहे. परंतु श्लोकाचीं पदें हरवत नाहींत, यंत्राचे वॉशर हरवतात. म्हणून आम्हीं पडवींत जुनी चादर अंथरली. प्रत्येक भाग सोडण्यापूर्वीं नातू आपल्या फोनवर त्याचें छायाचित्र घेई, आणि भाग सुटला कीं तो कागदी पुडींत घालून पुडीवर क्रमांक लिही. चाळीस दिवसांनंतर एकहि भाग उरला नाहीं कीं कमी पडला नाहीं, याचें श्रेय त्या पुड्यांस आहे.

पहिली अडचण हत्यारांची. जुन्या ब्रिटिश यंत्रांच्या आट्यांचें व नटांचें माप व्हिटवर्थ पद्धतीचें असतें; आपले मिलिमीटरचे पाने त्यांवर सैल बसतात व नटाचे कोपरे गोल करून टाकतात. पूर्वीं एका दुरुस्तीवाल्यानें तेंच केलें होतें. एका नटावर तर छिनीचे घाव होते. आम्हीं योग्य मापाचे चार पाने मिळेपर्यंत आठ दिवस हात लावला नाहीं.

दुसरी अडचण मिठाची. पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमच्या अंगांत बसलेला असतो. मध्यें खारें पाणी आलें कीं या दोन धातूंची जणूं बॅटरीच तयार होते. अॅल्युमिनियम कुरतडला जातो आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत दाटून बोल्ट जखडतो. येथें जोर केला कीं बोल्टाचें डोकें तुटून हातीं येतें. आमच्या यंत्राचा एक बोल्ट सुटण्यास अकरा दिवस लागले. रोज सकाळीं रॉकेल व पातळ तेल यांचें मिश्रण त्यावर सोडावें, संध्याकाळीं लांकडी ठोकणीनें हलके टोले द्यावेत, पाना किंचित् उजवीकडे, किंचित् डावीकडे करावा, न हलल्यास स्वस्थ बसावें. शेवटीं तेल पुसून, वाळवून, बाजूचें अॅल्युमिनियम उकळत्या पाण्याच्या फडक्यानें शेकलें. तें बोल्टापेक्षां अधिक फुगतें. अकराव्या दिवशीं ‘करकर’ असा बारीक आवाज झाला आणि बोल्ट चतुर्थांश फेरा फिरला. नातवानें शेजाऱ्यांस ऐकूं जाईल अशी आरोळी ठोकली.

रोगनिदान

इंजिन सुरू होत नसेल तर कारणें तीन: ठिणगी नाहीं, दाब नाहीं, किंवा इंधन पोंचत नाहीं. नातवाचें म्हणणें, प्लग, पॉइंट, कंडेन्सर सर्वच नवे बसवावे आणि मोकळें व्हावें. मीं त्यास न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक समजावून दिला: एक गोष्ट असतां कार्य होतें, ती नसतां होत नाहीं, बाकीचें सर्व तेंच राहतें, तरच ती त्या कार्याचें कारण. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र कदाचित् चालेल, पण काय बिघडलें होतें तें कधींच कळणार नाहीं.

प्लग काढून, त्याचें धातूचें अंग सिलिंडरला टेकवून, रबरी मुठीच्या पकडीनें धरलें व गतिचक्र फिरविलें. असें करतांना जवळपास पेट्रोल नसावें. ठिणगी नव्हती. पॉइंटांवर काळसर पापुद्रा होता. तो बारीक कानशीनें काढून, टोंकांतील अंतर इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकें, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर, ठेविलें. आतां ठिणगी आली, पण पिवळी व मरगळलेली. मग केवळ कंडेन्सर बदलला. ठिणगी निळी झाली व तिचा ‘टक्’ असा आवाज ऐकूं येऊं लागला. प्लग जुनाच राहिला.

दाब पाहण्यास प्लगच्या भोंकावर अंगठा ठेवून चक्र फिरवावें. अंगठा उडाला पाहिजे. आमचा उडत नव्हता. सिलिंडर उघडला तों पिस्टनच्या दोन्ही कड्या काजळीनें खांचेंत चिकटलेल्या. त्या उपटूं नयेत. बिडाची कडी काडीसारखी मोडते. दोन दिवस रॉकेलांत बुडवून ठेविल्या, तेव्हां आपोआप मोकळ्या झाल्या.

इंधनाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण ती हल्लींच्या काळास विशेष लागू आहे. कार्ब्युरेटरांत राहिलेलें पेट्रोल उडून जाऊन त्याचा डिंकासारखा तपकिरी थर उरतो व जेटचें केसाएवढें भोंक बुजतें. तें तारेनें कोरूं नये, भोंक मोठें होतें. द्रावकांत भिजवून हवेनें फुंकावें. शिवाय २०२५ सालापर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलें आहे. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि जुन्या काळच्या रबरास मानवत नाहीं. तेव्हां जुन्या यंत्राची नळी नव्या जातीची घालावी, लागेल तेवढेंच मिश्रण ताजें करावें, आणि काम संपल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा. टाकीच्या तोटींतील आटलेलें बूच आम्हीं बदललें.

पाण्याची वाट व जोडणी

सिलिंडरभोंवतींची पोकळी मीठ, गंज व गाळ यांनीं भरली होती. ही वाट बंद असेल तर बाकी सर्व ठीक असूनहि पांच-दहा मिनिटांत यंत्र तापून पिस्टन अडकतो. बिडाचा सिलिंडर एकटा सुटा करून लिंबाच्या सत्त्वाच्या कोंबट पाण्यांत रात्रभर ठेविला. अॅल्युमिनियमचे भाग अशा आंबट पाण्यांत घालूं नयेत. चिंचेनें पितळेचीं भांडीं उजळणाऱ्या आमच्या स्नुषा हें पाहून हंसल्या. "काका, हें आम्हांला विचारलें असतें तर पहिल्याच दिवशीं सांगितलें असतें," असें धाकटी म्हणाली. सकाळीं त्या पोकळींतून सुमारें दोन वाट्या काळा गाळ निघाला.

जोडतांना प्रत्येक बोल्टास ग्रीस लावलें, म्हणजे पुढील उघडणाऱ्यास अकरा दिवस बसावें लागणार नाहीं. तळाच्या पेटींत १४० क्रमांकाचें दाट गिअर-तेल भरलें. सीगलच्या या पेटींत थोडें पाणी शिरतेंच व तेल ताकासारखें पांढरें होतें. त्यानें घाबरूं नये, तेल बदलीत जावें. पंखा दांड्यास एका स्प्रिंगनें जोडलेला असतो. पंखा खडकास लागला तर धक्का ती झेलते. आमची स्प्रिंग गंजली होती, ती नवी घातली.

मग अंगणांत लोखंडी पिंपांत, पंप पुरता बुडेल इतकें पाणी भरून, यंत्र पिंपाच्या कडेस बांधलेल्या फळीवर घट्ट आवळलें. यंत्र पाण्यावांचून चालवूं नये आणि बंद जागेंतहि चालवूं नये. त्याचा धूर विषारी असतो. गतिचक्र उघडें असल्यामुळें सैल बाही, ओढणी, पदर यांस फार जपावें. मुलांस दूर उभें करावें. गांठीची दोरी चक्रावर गुंडाळून ओढली. सहाव्या ओढीस यंत्र खोंकलें, नवव्या ओढीस गर्जूं लागलें. परतीचें पाणी बाहेर पडूं लागलें. वहिनी माजघरांतून ओटीवर आल्या, खांबास हात देऊन उभ्या राहिल्या, आणि यंत्र बंद होईपर्यंत तशाच उभ्या होत्या. कांहीं बोलल्या नाहींत.

खाडींतील परीक्षा

येथपर्यंत जें सांगितलें त्यावरून वाचकांस वाटेल कीं मी फार सावध मनुष्य आहें. तसें नाहीं. दुसऱ्याच दिवशीं दुपारीं, ओहोटी लागलेली असतांना, नातवास घेऊन मी होडी काढली. यंत्रावर इतका विश्वास बसला होता कीं होडींत एकच वल्हें होतें, नांगर घरीं राहिला होता, आणि लाईफ जॅकेट दोघांच्याहि अंगांत नव्हतें. यंत्र सुरेख चाललें. मध्य प्रवाहांत आल्यावर मात्र त्याचा आवाज बारीक होत होत तें बंद पडलें. दोरी ओढली, दोन मिनिटें चाललें, पुन्हां बंद. टाकींत इंधन भरपूर होतें. तिसऱ्या वेळीं तें बोललेंच नाहीं.

ओहोटीची ओढ खाडीच्या मुखाकडे असते. आमच्या खाडीच्या मुखाशीं वाळूचा दांडा असून ओहोटीच्या वेळीं त्यावर लाटा फुटतात. एका वल्ह्यानें होडी नुसती फिरूं लागली. नातू म्हणाला, "आजोबा, मी उडी टाकून दोर ओढूं?" त्या प्रश्नानें मला आपण काय केलें आहे तें कळलें. दुसऱ्याच्या घरचें मूल मीं भर ओहोटींत आणलें होतें. त्याची आई बागेंतून परतलेली असेल आणि तिला ठाऊकहि नसेल.

मासेमारीहून परतणाऱ्या एका बोटीनें आम्हांस पाहिलें व जवळ येऊन दोर टाकला. तिचा म्हातारा तांडेल आमच्या यंत्राकडे एकदां पाहून म्हणाला, "मास्तर, झाकणाचा हवेचा स्क्रू सोडलात काय?" टाकीच्या झाकणावर एक लहान स्क्रू असतो. तो सैल केल्याशिवाय टाकींत हवा शिरत नाहीं, आणि हवा शिरली नाहीं तर थोडें पेट्रोल उतरल्यावर बाकीचें आंतल्या आंत अडकून राहतें. मीं तो फिरविला. ‘सूं’ करून हवा आंत शिरली. दुसऱ्या ओढीस यंत्र चालू झालें.

अंगणांत हें कां घडलें नाहीं? कारण तेथें इंधन मोजण्यासाठीं आम्हीं झाकण काढूनच ठेविलें होतें. अंगणांतील परीक्षा व खाडींतील परीक्षा यांत मला एकच फरक दिसला होता, पिंपाऐवजीं खाडी. झाकणाचा दुसरा फरक मीं मोजलाच नव्हता. जो नियम नातवास शिकविला तो माझ्याच हातून मोडला. आणि तो स्क्रू उघडावा ही सूचना यंत्राबरोबरच्या इंग्रजी पुस्तिकेंत चालू करण्याच्या कृतींत पहिलीच छापलेली होती. पुस्तिका मीं तीनदां वाचली होती.

घरीं येऊन सर्व हकीकत जशीच्या तशी सांगितली. सांगावी कीं नाहीं, असा क्षणभर मोह झाला, हें कबूल करतों. परंतु नातवासमोर तें शक्य नव्हतें. त्याच्या आईनें मुलास जवळ घेतलें व मजकडे पाहिलें नाहीं. दोन दिवस ती मजशीं बोलली नाहीं, आणि तें योग्यच होतें. पुतणे म्हणाले, आतां तरी तें भंगारांत द्या. तेव्हां वहिनी म्हणाल्या, "यंत्राचा काय दोष? घाई माणसानें केली. यंत्र राहूं दे, नियम करा."

तो नियम आतां पडवीच्या भिंतीवर, यंत्राच्या वर, नातवाच्या अक्षरांत लावलेला आहे. भरतीचें पंचांग पाहा. दोन वल्हीं, नांगर व दोर घ्या. प्रत्येकाच्या अंगांत लाईफ जॅकेट हवें. परत कधीं येणार तें घरांत कोणास तरी सांगून निघा. मुलें न्यावयाचीं तर त्यांच्या आईस विचारा. परत आल्यावर यंत्र गोड्या पाण्यांत चालवून मीठ धुवा, आणि पेट्रोल काढून टाका.

यंदाच्या हंगामांत आंब्याच्या पेट्या पैलतीरावरून त्याच यंत्रानें आल्या. त्या कागदावर मात्र या सर्वांच्या वर एक ओळ निराळ्या शाईनें, मीं स्वतः लिहिलेली आहे: प्रथम झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा.